महाडच्या पेन्शनरांचा अर्ज

१८ जानेवारी १९४३ रोजी पुण्याच्या गोखले मेमोरियल हॉलमध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या १०१ व्या जयंतीनिमित्त डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे व्याख्यान झाले. पुढे ते ‘रानडे, गांधी आणि जिना’ या नावाने छापून निघाले आणि त्यातल्या तुलनेवरून बराच वाद माजला. त्या गलबल्यात व्याख्यानाच्या आरंभीचा एक तपशील मागे पडला. रानड्यांना आपण कधी पाहिले नाही, त्यांच्यासंबंधी आपल्या गाठी दोनच आठवणी आहेत, असे आंबेडकरांनी श्रोत्यांना सांगितले होते. पहिली लहानपणची: रानडे वारले म्हणून शाळा सुटली होती. दुसरी पुष्कळ नंतरची. वडिलांचे जुने कागद चाळताना त्यांना एका अर्जाची प्रत मिळाली. १८९२ च्या हुकुमाने महारांची लष्करभरती बंद झाली, त्याविरुद्ध महार जातीच्या सुभेदार-जमादारांनी आणि हवालदार-नाइकांनी हिंदुस्थान सरकारकडे केलेला तो अर्ज होता. चौकशी करता तो रानड्यांनी लिहून दिला होता असे त्यांना सांगण्यात आले.

हा पुरावा दोन तुकड्यांत वाचला पाहिजे. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांच्या दप्तरात अशी प्रत होती, हे ती हातात धरलेल्या माणसाचे विधान आहे. मसुदा रानड्यांचा होता, ही ऐकीव माहिती. ऐकीव असली तरी ती असंभाव्य नाही. पुणे सार्वजनिक सभेच्या दिवसांपासून सरकारला अर्ज कसा लिहावा यात रानड्यांएवढा मुरलेला माणूस दुसरा नव्हता. पण ते सरकारी न्यायाधीश होते, तेव्हा सरकारच्या लष्करी हुकुमाविरुद्धच्या मसुद्यावर त्यांची सही मिळायची नाही, हेही उघड आहे. म्हणून रानड्यांचा हात ‘शक्य’ या सदरात ठेवावा आणि अर्जाचे अस्तित्व ‘सिद्ध’ या सदरात.

सैन्याला माणसे मिळत नाहीत, मिळालेली टिकत नाहीत, ही सेनापतींची सनातन तक्रार आहे. महाडच्या आसपासच्या कागदांत ती उलटी दिसते. इथे माणसे दाराशी उभी होती, त्यांच्या बापजाद्यांनी पलटणीत हाडे झिजवली होती, आणि दार आतून बंद होते. ते का बंद झाले, आणि पन्नास वर्षांनी नेमके कशाने उघडले, एवढेच या लेखात पाहायचे आहे.

रामजींचे मूळ गाव आंबडवे हे मंडणगड तालुक्यात. मंडणगड, दापोली, खेड ही नावे आज रत्नागिरी जिल्ह्यात आणि महाड, पोलादपूर रायगडात, म्हणजे १९८१ पूर्वीच्या कुलाब्यात. जिल्ह्यांच्या हद्दी काही असोत, फौजेच्या दृष्टीने हा सलग मुलूख होता. सह्याद्रीच्या उतरणीला नाचणी-वरीची वरकस जमीन, खाली सावित्रीच्या आणि तिच्या उपनद्यांच्या काठाला भाताची खाचरे, आणि चार महिने कोसळणारा पाऊस. २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळून गाडले गेलेले तळीये याच महाड तालुक्यातले, वरंध घाटाच्या बाजूचे. घाट चढून गेले की भोर, पुढे पुणे. अशा उतारावरच्या जमिनीत कुणब्या-मराठ्याचे पोट जेमतेम भरायचे. ज्याच्या वाट्याला वतनाची महारकी आणि बलुत्याचा घास एवढेच होते, त्याला रोख पैसा दाखवणारी जागा एकच होती, ती म्हणजे कंपनी सरकारची पलटण.

मुंबई लष्कराच्या कागदांत हे शिपाई ‘परवारी’ या नावाने येतात. एकूण लष्करातला त्यांचा वाटा अभ्यासक सहाव्या हिश्शाच्या आसपास किंवा त्याहून अधिक धरतात. भीमा कोरेगावच्या स्तंभावरची यादी सर्वांच्या परिचयाची आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची ४९ नावे तिथे आहेत आणि त्यांपैकी २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. रामनाक, गोंदनाक अशी ही नावे महारांची. मृतांच्या यादीवरून सगळ्या पलटणीचे प्रमाण काढता येत नाही, हे खरे. पण या जातीचे शिपाई तिथे चार-दोन नव्हते, पलटणीचा मोठा भाग होते, एवढे त्या दगडावरून निश्चित म्हणता येते.

शिपायाचा पगार महिना सात रुपये, आणि त्यातच पोटापाण्याचा खर्च. हा आकडा दशकानुदशके हलला नाही. तरी माणूस टिकून राहायचा, कारण दोन दशकांच्या वर नोकरी भरली की पेन्शन. महिन्याला चार-पाच रुपये, मरेपर्यंत, आणि गावात बसून. बलुते मागायला कुणाच्या दारात जावे लागत नाही, ही त्या रकमेची खरी किंमत. पलटणीत शाळा असत. शिपायांच्या मुलांना तिथे शिकावेच लागे आणि शिकवायला शिपायांतूनच मास्तर तयार होत. रामजी स्वतः लष्करी शाळेचे हेडमास्तर होते. दापोलीला आणि महाडच्या आसपास पेन्शनरांची घरे उभी राहिली ती या मिळकतीवर. गावकीत ज्याची सावली चालत नव्हती, तो पलटणीत जमादार झाला की वरच्या जातीच्या शिपायाला त्याच्यापुढे टाच जुळवून उभे राहावे लागे. मुंबई लष्करात जातवार कंपन्या नव्हत्या. एकाच कंपनीत, एकाच ओळीत मराठा, मुसलमान, परवारी उभे राहत. पुढच्या सगळ्या प्रकरणाची मेख याच व्यवस्थेत आहे.

आता हुकुमाकडे वळू. तो कुठून आला याचा माग अफगाणिस्तानपर्यंत जातो. २७ जुलै १८८० रोजी मैवंदच्या लढाईत इंग्रजी फौजेचा दारुण पराभव झाला आणि त्यात मुंबई लष्कराच्या देशी पलटणींची फळी मोडली. मोडलेल्या फळीत कोण कोण होते याची बारीक चौकशी करण्यापेक्षा ‘मुंबईचा शिपाईच कमी पडतो’ असे म्हणणे सोपे होते. पुढच्याच महिन्यात काबूलहून कंदाहारवर कूच करून ज्यांनी ही नामुष्की धुऊन काढली ते फ्रेडरिक रॉबर्ट्स १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती होते. दक्षिणेकडची माणसे दीर्घ शांततेने मऊ पडली आहेत, खरा शिपाई उत्तरेकडच्या थंड मुलखातला, हे त्यांचे मत त्यांच्या आत्मचरित्रातही स्वच्छ वाचायला मिळते. रशिया सरहद्दीवर येणार, त्याच्याशी दोन हात करायला शीख, पठाण, गुरखे, पंजाबी मुसलमान हवेत, असा त्यामागचा हिशेब होता. ‘लढवय्या जाती’ म्हणून जे शास्त्र पुढे मिरवले गेले, त्याची मुळे अशा एका सेनापतीच्या अनुभवात आणि एका पराभवाच्या लाजेत आहेत. मैवंदला पडलेल्या मुंबईच्या शिपायांना त्यात बाजू मांडायला कुणी मिळाले नाही.

या मतापाठोपाठ आली जातवार कंपन्यांची पद्धत. एका कंपनीत एकच जात. मुंबईच्या मिश्र पलटणी या साच्यात बसवायच्या तर परवाऱ्यांच्या वेगळ्या कंपन्या काढाव्या लागणार, त्यांचे सुभेदार-जमादार पलटणीच्या पंगतीत वरच्या जातींच्या सुभेदारांबरोबर बसणार. तसे करण्याऐवजी त्यांची भरतीच थांबवली गेली. आंबेडकर या हुकुमाचे वर्ष १८९२ देतात, काही लेखक १८९३. हुकूम निघणे आणि तो पलटणीपलटणीत लागू होणे यांत काही महिने जातातच, त्यामुळे या फरकाचा फार बाऊ करण्याचे कारण नाही.

अस्पृश्यता हेच या बंदीचे कारण होते, असे सरसकट लिहिले जाते. मला ते अपुरे वाटते. त्याच काळात पंजाबात मजहबी शिखांच्या पायोनिअर पलटणी चालू होत्या, १८८७ मध्ये तर एक नवी उभारली गेली. मद्रासच्या सॅपर्स अँड मायनर्समध्ये परैया भरती होत होते. म्हणजे अस्पृश्य जातीचा शिपाई सरकारला मुळातच वर्ज्य नव्हता. फरक असा, की मजहबींना आणि परैयांना वेगळ्या पलटणीत, वेगळ्या कामावर ठेवलेले होते. मुंबईचा परवारी मात्र सरमिसळ कंपनीत होता आणि हुद्द्याने इतरांवर हुकूम चालवत होता. शिवाशीव मानणाऱ्यांची कुरकुर आणि सेनापतीचे जातिशास्त्र हे दोन्ही एका वेळी जुळून आले, आणि ज्याची बाजू मांडायला वरच्या वर्तुळात कोणी नव्हते तो बाहेर गेला. स्टीफन कोहेन यांनी १९६९ मध्ये आणि फिलिप कॉन्स्टेबल यांनी २००१ मध्ये या विषयावर लिहिताना लष्करी दप्तराचा जो उपयोग केला आहे, तो वाचल्यावर माझे मत आणखी पक्के झाले.

या बंदीविरुद्धचा सर्वांत बोलका कागद महाडच्याच माणसाचा आहे. गोपाळनाक विठ्ठलनाक, म्हणजे गोपाळ बाबा वलंगकर, हे महाडजवळच्या रावढळचे. पलटणीतून पेन्शनीत निघाल्यावर १८८६ च्या सुमाराला ते दापोलीला राहू लागले. ‘दीनबंधू’ या वृत्तपत्रात त्यांनी लेख लिहिले, १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ ही शास्त्री-पंडितांना प्रश्न विचारणारी पुस्तिका काढली आणि अनार्य दोषपरिहारक मंडळी स्थापन केली. या मंडळीच्या वतीने १८९४ मध्ये मुंबई लष्कराच्या सरसेनापतीला उद्देशून त्यांनी विनंतिपत्र तयार केले. ते मराठीत आहे. चांगदेव भवानराव खैरमोडे यांनी आंबेडकरचरित्रासाठी आयुष्यभर कागद जमवले. असले दस्तऐवज आपल्यापर्यंत पोचले त्याचे बरेच श्रेय अशा संग्राहकांना आहे. एलिनॉर झेलियट यांच्या १९६९ च्या प्रबंधाने वलंगकरांच्या अर्जाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले.

अर्जात वलंगकर काय म्हणतात? आमच्या लोकांनी इमानाने नोकरी केली, रक्त सांडले, हे तर आहेच. पण त्यांचा मुख्य युक्तिवाद वंशाचा आहे. आम्ही मूळचे क्षत्रिय. चौदाव्या शतकाच्या अखेरीस, १३९६ पासून पडलेल्या दुर्गादेवीच्या दुष्काळात मिळेल ते खावे लागल्याने आम्हाला जातीबाहेर टाकले गेले. तेव्हा आम्हाला हीन समजून फौजेतून वगळणे अन्यायाचे आहे.

हा इतिहास म्हणून टिकत नाही. ‘विटाळ विध्वंसन’ लिहिणाऱ्या, वेदशास्त्रांना उलट सवाल करणाऱ्या माणसाला तो किती मनापासून पटत असेल, ही शंका वाचताना सारखी येते. पण अर्ज कोणाला लिहिला आहे हे ध्यानात घेतले की त्याची बांधणी उलगडते. समोरचा परीक्षक ‘तुमचे रक्त लढवय्याचे आहे का’ एवढेच विचारतो आहे. वलंगकरांनी प्रश्न चुकीचा आहे असे म्हटले नाही, त्या प्रश्नाचे उत्तर दिले. बंदीच्या दुसऱ्याच वर्षी, सेनापतीच्या कानाला ऐकू येईल अशा भाषेत लिहिणाऱ्याला दुसरा रस्ता फारसा नव्हता. तरी यात एक मोठी गोम होती. आमचे रक्त क्षत्रियाचे म्हणून आम्हाला घ्या, असे म्हटल्यावर ज्याचे रक्त तसे सिद्ध होणार नाही त्याला घेऊ नका, हेही ओघाने मान्य होते.

रामजींच्या दप्तरातली प्रत आणि वलंगकरांचे विनंतिपत्र हे एकच की दोन? पुष्कळ ठिकाणी त्यांची सरमिसळ झालेली दिसते. आंबेडकरांच्या वर्णनाप्रमाणे पहिला अर्ज सैन्यातल्या अधिकाऱ्यांचा आणि हिंदुस्थान सरकारला लिहिलेला. दुसरा एका मंडळीचा आणि मुंबईच्या सरसेनापतीला. अर्जदार वेगळे, पत्ता वेगळा. रानड्यांसारख्याने मसुदा केला असेल तर त्यात दुर्गादेवीच्या दुष्काळाची कथा मुख्य आधार म्हणून येणे अवघड. यावरून दोन स्वतंत्र कागद असावेत असा माझा कौल आहे. नोकरीतल्या माणसाने लष्करी हुकुमाविरुद्ध सही करणे धोक्याचे, पेन्शनरालाही पेन्शनची धास्ती असतेच. तेव्हा एका बाजूने हुद्देदारांचा सभ्य इंग्रजी वळणाचा अर्ज आणि दुसऱ्या बाजूने मंडळीच्या नावाचा मोकळा मराठी अर्ज, अशी दुहेरी खटपट चालली असेल तर त्यात शहाणपणच होते.

याच वेळी सरकारी हिशेबात एक बदल झाला. १८९५ मध्ये शिपायाचा पगार सातावरून नऊ रुपये झाला, १९११ मध्ये अकरा. उत्तरेकडच्या ‘पसंत’ जातींचे जवान सात रुपयांत मिळेनासे झाले होते, मिळालेले टिकत नव्हते. सेनापतींना ज्या जाती हव्या होत्या त्यांना इतर उद्योग होते, कालव्यांच्या नव्या जमिनी होत्या. आणि ज्यांना सात रुपयांचीही नोकरी हवी होती त्यांना नकार. भरतीचा खर्च आणि भरतीचे धोरण यांचा मेळ न घालण्याची खोड किती जुनी आहे, याला हा चांगला दाखला आहे.

१८९५ मध्येच वलंगकरांची महाडच्या लोकल बोर्डावर नेमणूक झाली. त्यांच्या शेजारी बसायला सवर्ण सभासदांनी हरकत घेतली. पलटणीत जो प्रश्न सरकारने भरती बंद करून मिटवला, तोच बोर्डाच्या खोलीत पुन्हा उभा राहिला. १९०० मध्ये वलंगकर वारले.

आता थोडे गणित. १८९२ मध्ये भरती थांबली असे धरू. त्याआधी अगदी शेवटी, विशीत भरती झालेला शिपाई पूर्ण नोकरी करून निघाला तरी १९१२-१३ च्या सुमारास घरी येणार. तोही सर्वांत नशीबवान. म्हणजे नव्या पेन्शनरांचा ओघ १९०० नंतर आटत जाऊन पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर संपला. पलटणीतल्या शाळांत शिकणारी मुलेही तेव्हाच संपली. पुढे ज्या वर्षी महाडची परिषद भरली त्या १९२७ साली साठी-सत्तरीचे पेन्शनर गावात होते, पण पन्नाशीच्या आतला पेन्शनर सापडणे कठीण. मधली एक पूर्ण पिढी गिरणीत, गोदीत, रेल्वेत गेली. पगार तिथेही होता. पेन्शन नव्हती, शाळा नव्हती, आणि गावात परत येऊन ताठ मानेने बसण्याची सोय नव्हती.

१९१० मध्ये पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी दक्षिणेतल्या महारांच्या परिषदेतर्फे थेट भारतमंत्र्याला अर्ज केला. पोलिसात, लष्करात आणि सरकारी नोकरीच्या खालच्या पायऱ्यांवर तरी आम्हाला जागा द्या, अशी त्याची मागणी. वलंगकरांचा आधार वंश होता. कांबळ्यांच्या अर्जाचा आधार आम्हीही बादशहाची प्रजा आहोत, हा आहे. पंधरा-सोळा वर्षांत विनंतीचा सूर बदलून दावा झाला होता. परिणाम तोच.

मग युद्ध आले. बंदीनंतर याच डोंगरातल्या मराठ्यांना मात्र भरतीचे दार उघडे होते, किंबहुना जास्तच. मेजर बेथम यांनी १९०८ मध्ये अधिकाऱ्यांसाठी ‘मराठे आणि दख्खनी मुसलमान’ यांची जी माहितीपुस्तिका लिहिली, ती भरतीसाठीच होती. १९१५ च्या डिसेंबरात इराकमधल्या कूत-अल-अमारा इथे जनरल टाउनसेंडची डिव्हिजन वेढ्यात सापडली तेव्हा तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने हैराण झालेल्या फौजेने शरणागती पत्करली. तीन पलटणी एका दिवसात हिशेबाबाहेर गेल्या, आणि त्या नव्याने उभ्या करायला माणसे याच जिल्ह्यांतून काढायची होती.

‘लढवय्या जातीं’चे शास्त्र इथे कोसळले. १९१७ मध्ये मध्यवर्ती भरती मंडळ स्थापन झाले, प्रांतांना कोटे लावून दिले गेले, भरतीचे काम लष्कराबरोबर मुलकी अधिकाऱ्यांच्याही गळ्यात पडले आणि आजवर नालायक ठरवलेल्या डझनावारी जातींची नावे यादीत आली. त्याच वर्षी १११ महार ही पलटण उभी राहिली. १८९२ पासून १९१७ पर्यंत महारांच्या रक्तात काही फरक पडला होता, असे कोणी म्हटल्याचे मला आढळले नाही.

१९१८ च्या उन्हाळ्यात गांधीजी खेडा जिल्ह्यात गावोगाव पायी फिरून सरकारसाठी भरती मागत होते. ज्या गावांनी सत्याग्रहाच्या वेळी त्यांना डोक्यावर घेतले, त्यांनीच आता पाठ फिरवली. जवान फारच थोडे मिळाले, आणि ऑगस्टमध्ये गांधीजी आजारी पडले. एका बाजूला नको म्हणणाऱ्यांच्या दारात सरकारची माणसे, दुसऱ्या बाजूला पंचवीस वर्षे घ्या म्हणून अर्ज करणारे कोकणातले पेन्शनर. मुंबई इलाख्याच्या भरतीचा इतिहास लिहायचा तर हे दोन्ही एका पानावर यायला हवेत. सहसा येत नाहीत.

युद्ध संपले तशी गरज संपली. १११ महार ही पलटण ७१ पंजाबी या पलटणीत विलीन झाली आणि १९२१ मध्ये मोडली गेली.

१ जानेवारी १९२७ रोजी आंबेडकर कोरेगावच्या स्तंभाला गेले, शिवराम जानबा कांबळ्यांच्या पुढाकाराने. अडीच महिन्यांनी, १९ आणि २० मार्चला, महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याच्या पाण्यामुळे ही परिषद अजरामर झाली, आणि त्यामुळेच १९ तारखेच्या अध्यक्षीय भाषणातला लष्कराचा भाग कमी वाचला जातो. परिषदेच्या खटपटीत दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे आघाडीवर होते. १९०३ चा जन्म, म्हणजे बंदीनंतरच्या पिढीतले. स्वागताध्यक्ष संभाजी तुकाराम गायकवाड. मंडपात जुने पेन्शनर होते, महायुद्धातून परतलेले शिपाई होते.

भाषणात आंबेडकरांनी आधी याच मुलखाचा भूतकाळ उभा केला. एके काळी दापोली-महाडकडे आपल्या लोकांचा दबदबा होता, पांढरपेशे सोडले तर शिक्षणात आपण इतरांच्या पुढे होतो. याचे कारण ते लष्कर सांगतात: पलटणीतली सक्तीची शाळा, मास्तरकी, हुद्दा. मग बंदीवर येतात आणि ज्यांच्या बळावर राज्य मिळवले त्यांनाच दूर लोटले, म्हणून सरकारला कडक शब्दांत दोष देतात. लष्कर, आरमार आणि पोलीस या तिन्ही खात्यांतली बंदी उठवून घेण्यासाठी चळवळ करा, असा स्पष्ट सल्ला देतात. ३ एप्रिलपासून सुरू झालेल्या आंबेडकरांच्या ‘बहिष्कृत भारत’ या पाक्षिकाने या परिषदेचा वृत्तांत जपून ठेवला, हे अभ्यासकांचे भाग्य.

इथे क्षत्रिय वंशाचा दाखला आधाराला नाही. राजनिष्ठेपोटी केलेली याचनाही नाही. बंदीने नेमके काय हिरावले याचा हिशेब मांडून ते भरपाई मागतात. वलंगकरांच्या अर्जापासून हे अंतर तेहेतीस वर्षांचे आहे आणि मागणी एकच आहे. दुसऱ्या दिवशी तळ्यावरून परतलेल्या लोकांवर गावात हल्ला झाला, तेव्हा मंडळींत हत्यार चालवायला शिकलेली माणसे पुष्कळ होती. त्यांनी नेत्याचे ऐकले आणि हात आवरले. शिस्त कुठून आली हे वेगळे सांगायला नको.

यानंतरची चौदा वर्षे अर्जांनी आणि भाषणांनी काही हलले नाही. दुसरे महायुद्ध सुरू झाले, १९४१ मध्ये आंबेडकर संरक्षण सल्लागार समितीवर आले, त्यांनी महारांना भरतीचे आवाहन केले आणि सरकारकडे स्वतंत्र पलटणीचा आग्रह धरला. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली, पाठोपाठ कामठीला दुसरी. टोपीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. या वेळी युद्ध संपल्यावर रेजिमेंट मोडली गेली नाही. ती आजही आहे आणि तिच्यात सर्व जातींचे जवान आहेत. मराठ्यांच्या बाजूला, महाडशेजारच्या माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ रोजी इटलीत केलेल्या पराक्रमाबद्दल मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १८९० च्या सेनापतींना जे ‘मऊ पडलेले दक्षिणी’ वाटले होते, त्यांपैकीच हे एक.

वंश, प्रजेचा हक्क, भरपाई: अर्जदारांनी आधार बदलून पाहिले. दार दोनदा उघडले आणि दोन्ही वेळा माणसे कमी पडली म्हणून उघडले. १९१७ ला आणि १९४१ ला नेमकी काय निकड होती ते वर दिलेच आहे. आंबेडकरांचे श्रेय याने कमी होत नाही. निकडीच्या क्षणी मागणी तयार ठेवणे आणि ती योग्य टेबलावर ठेवणे हे त्यांनी केले, म्हणून दुसऱ्या वेळी उघडलेले दार पुन्हा बंद झाले नाही.

जाता जाता आजचे. करोनाच्या काळात दोन वर्षे सैन्यभरतीचे मेळावे झाले नाहीत. १४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली: चार वर्षांची नोकरी, त्यातून जास्तीत जास्त २५ टक्क्यांना पुढे कायम, बाकीच्यांना ११.७१ लाखांचा सेवानिधी, पेन्शन नाही. योजनेच्या लष्करी बाजूवर तज्ज्ञांनी बोलावे. महाडच्या कागदांवरून एक मात्र सांगता येते, की या मुलखात फौजेने जे घडवले ते पगाराने कमी आणि पेन्शनने जास्त. वलंगकर लिहू शकले, मंडळी काढू शकले, बोर्डावर बसू शकले, ते नोकरी संपल्यावर. एकरकमी पैसा घेऊन पंचविशीच्या आत घरी येणाऱ्या तरुणाकडून तशी अपेक्षा धरता येईल असे मला वाटत नाही.

शेवटी वाचकांना एक विनंती. या विषयाचे निम्मे कागद सरकारी दप्तरात नाहीत, घरात आहेत. महाड तालुक्यातले फौजी आंबवडे तर शिपायांचे गाव म्हणून ओळखले जाते, पण पोलादपूरपासून दापोलीपर्यंत कितीतरी घरांत डिस्चार्ज सर्टिफिकेट, पेन्शनचे पुस्तक, एखादे पदक पडून असेल. जुलै २०२१ मध्ये सावित्रीचा पूर महाड शहरातल्या घराघरांत शिरला आणि त्याच वेळी तळीयेची घरे माणसांसकट दरडीखाली गेली. कागदांची वाट पुढच्या पावसातही तीच लागू शकते. पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. त्या चार गोष्टींवरून राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या नोंदीत मृत शिपायाचा शोध लागतो आणि अनेक नोंदींत बापाचे नाव, गाव, तालुकाही मिळतो. घरात असे काही असेल तर आधी त्याचा फोटो काढा आणि मजकूर जसाच्या तसा उतरवून घ्या. एक प्रत अलिबागच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात द्या. पदक मात्र घासूनपुसून चकचकीत करू नका, कडेची अक्षरे झिजतात.